तीन काळी जाकिटं

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. शेजारी कपडे शिवणारी एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या.

"आत्या, या तिघी पोरींचं रॅप एकदा ऐकच."

"नको बाई. नुसती स्वतःची बढाई असते."

"या स्वतःचीच टर उडवतात. आणि आपलीही. हे टेलरबाईवर आहे."

"टेलरबाईवर? बघू, काय म्हणतात?"

"‘काज-बटण तेवढं राहिलंय, उद्या ने गं बाई, कापड अजून पिशवीत, तिला कसली घाई!’"

"अगं, हे यांना कसं कळलं?"

"अनुभव असेल."

"पुन्हा लाव... चावट आहेत, पण खोटं बोलत नाहीत. कार्यक्रम कधी यांचा?"

"शनिवारी. त्यांनी तुझ्याकडेच शिवायला टाकलीत ना तीन काळी जाकिटं?"

"त्या या होय? झालीत की गं. काज-बटण तेवढं राहिलंय."