एकोणतीस फ्री थ्रो

मामा : …एकतीस फ्री थ्रो, समोर अडवणारं कुणी नसताना. त्यांतले एकोणतीस हुकले, आणि एकूण एक रिंगच्या पुढच्या कडेवर, त्याच जागी आपटून. चुकणारा माणूस वेगवेगळ्या जागी चुकतो गं. योगायोगालाही थोडी लाज असते.

भाची : थकलो होतो, मामा.

मामा : वर्षभरात बास्केटबॉलचा एकही सामना न हरलेला संघ अंतिम फेरीचे तिन्ही सामने हरतो, आणि कर्णधार म्हणते, थकलो होतो! आकडेवारीचा जाणकार म्हणून उद्या मी संघटनेला अहवाल द्यायचा आहे. मुद्दाम हरल्या असं लिहिलं, तर पाचही जणींवर आजन्म बंदी. कुणी विकत घेतलं होतं तुम्हाला?

भाची : नाही. फुकट हरलो.

मामा : म्हणजे मुद्दाम हरलात.

भाची : जिंकणाऱ्या संघाला काय मिळणार होतं?

मामा : परदेशात तीन आठवड्यांचं शिबिर.

भाची : सोबत कोण?

मामा : संघटनेचे सचिव.

भाची : खोल्या कोण वाटणार?

मामा : …सचिवच.

भाची : मागच्या शिबिरात ते दुसरी किल्ली घेऊन आमच्या संघातल्या बुटकीच्या खोलीत शिरले होते. तिने तक्रार लिहिली. तीन पानं. तुमच्या चौकशी समितीने दोन महिने विचार केला.

मामा : आम्ही सात जण होतो. साक्षीदार नव्हता. कार्यपद्धतीनुसार…

भाची : ती बर्फाची पिशवी दे. गुडघा सुजलाय.

मामा : (पिशवी देत) निदान मला घरी येऊन सांगायचंस.

भाची : काय सांगायचं? तीन पानं वाचली होतीस ना?

मामा : चार वर्षं झिजलात त्या चषकासाठी.

भाची : हो. बुटकी म्हणाली, मी एकटीच संघ सोडते. मग ठरलं, कुणीच जायचं नाही.

मामा : हे सगळं अहवालात घालतो मी.

भाची : नको. तिचं नाव पुन्हा सात जणांपुढे नको. मागचंच वाक्य लिही.

मामा : कुठलं?

भाची : ‘सखोल चौकशीअंती आरोपात तथ्य आढळले नाही.’ तुझंच ना ते? भाषेवरून ओळखलं मी.

मामा : पण ते खोटं ठरेल.

भाची : मागच्या वेळी त्याखाली तुझी सही अगदी वळणदार आली होती.