ठेवलेलं पापलेट

— नाय नाय मॅडम, ते नका बघू, ते कालचं हाय, बर्फातलं. तुमचं मी पाटीखाली दडवून ठेवलंय. मंगळवारी बोलून गेलात ना, शुक्रवारी पाव्हणे यायचेत, मोठं बघून ठेवा म्हणून? मग! सकाळपासनं किती जणींनी मागितलं. ती हॉटेलवाली तर हात घालून उचलतच व्हती — म्हटलं हात काढ बाय, हे बोललेलं हाय. आमच्यात असंच, गिऱ्हाईक ठेवा म्हणून गेलं की मासळी त्याची. तो येवो नायतर न येवो, संध्याकाळी घरी नेऊन कालवण करीन, पण दुसऱ्याच्या पिशवीत नाय घालणार. बसा ना. ए चिमे, तुझं ते स्टूल दे गो जरा, मॅडमना बसू दे, तू बस खाली करवंदांपाशी. बसा हो, साफ करायला वेळ लागतोच. आणि मगाशी मी माझ्या पोरीचं, दीपालीचं सांगत व्हते ते अर्धंच राहिलं.

तर तिला आज पुण्याला जायचंय. ते इमारतींचे नकाशे काढायचं शिकवतात ना, त्या कॉलेजात. मुलांना बोलावतात, कॉलेज दाखवतात, उद्या दिवसभर चित्रं काढून घेणार, परवा मास्तर लोक बोलणार, आणि मग ठरवणार कोणाला घ्यायचं ते. आमच्या अख्ख्या सातपाटी गावातनं हिलाच बोलावलंय. लहानपणापासनं बोटी काढते ती, क्यालेंडरच्या मागं, मिठाच्या पुड्याच्या कागदावर — तिच्या पप्पांची बोट अशी काढते की फळी न् फळी मोजून घ्या. आता घोडं कुठं अडलं? राहण्यापाशी! होस्टेलचं काम चालू हाय म्हणे, सोय ज्याची त्यानं करावी. अहो, कॉलेज बघायला बोलवता तर पोरीनं झोपायचं कुठं, तेवढं नको का बघायला?

लॉज? विचारलं ना, पहिलं तेच केलं. दीपालीनं स्वतः फोन लावले. एक म्हणतो, एकट्या मुलीला खोली देत नाय, घरचं माणूस सोबत पायजे. दुसऱ्यानं भाडं सांगितलं तर पोरीनं फोनच ठेवून दिला. मग माझा भाचा हाय बोईसरला, कंपनीत — त्याच्या सायबाची पुण्यात खोली हाय. तो साहेब फोनवर इतका गोड, ‘भेज दो दीदी, कोई दिक्कत नहीं’ — अरे बाबा, तुला दिक्कत नाय, त्या खोलीत कामावरची पोरं राहतात, मला दिक्कत हाय! असं करता करता सगळं बघून झालं. राहिली दोनच घरं. एक तुमच्या पुण्याच्या बहिणीचं. आणि दुसरं — दुसरं जाऊ दे, त्याचं नाव नको.

नाय, सांगते. सांगायलाच पायजे, नायतर तुमाला वाटेल ही बाई उगा गळ्यात पडते. दुसरं म्हंजे प्रफुल्लची मावशी. प्रफुल्ल कोण? प्रफुल्ल म्हंजे माझ्या दिरानं दीपालीसाठी बघून ठेवलेला मुलगा. मुलगा वाईट नाय हो, कशाला खोटं बोलू, स्वतःची बोट हाय, दारू नाय, काय नाय. त्याची मावशी पुण्याला असते. आता दीर काय म्हणतो, कमलाकांत माझा दीर — वहिनी, पोरीची सोय मी करतो, मावशीकडं राहील, माणसं पण ओळखीची होतील. बघा की हुशारी! एकदा त्यांच्या घरी पोरगी राहून आली, त्यांच्या ताटात जेवून आली, की मग गावात आमी कोणत्या तोंडानं नाय म्हणायचं? तुळशीची लग्नं लागली की हिचं लागलंच समजा. मग कुठलं कॉलेज नि कुठले नकाशे. पोरीला कळतं सगळं. परवा म्हणाली, आई, तिथं राहायचं असेल तर मी जातच नाय कॉलेज बघायला. आणि तिचे पप्पा समुद्रात. फोन लागत नाय. बोट उद्या सकाळी लागायची. तोवर घरातला बाप्या म्हंजे दीर.

खवलं काढली हां. पोट काढू की कापून देऊ? अख्खंच? बरं.

म्हणून मी काय केलं — मॅडम, रागावू नका हां — मी सांगून टाकलं. दिराला, जावेला, शेजारणीला, सगळ्यांना. म्हटलं, पापलेट नेतात ना, त्या पालघरच्या हिमानी मॅडम, त्यांच्या बहिणीकडं सोय झालीय. तुमाला न विचारता कसं काय? अहो, विचारायचं काय त्यात, तुमीच बोलला व्हतात! दीपाली दहावीला शाळेत पहिली आली, मी पेढे घेऊन आले व्हते बाजारात, तुमी इथंच उभ्या व्हतात. म्हणालात, सुगंधाताई, हिला खूप शिकवा, आणि पुण्याला पाठवायची झाली तर माझी बहीण हाय तिथं, आपलंच घर समजा, हक्कानं सांगा. हक्कानं. चिमी व्हती की इथं — चिमे, बोलल्या व्हत्या ना गो मॅडम? बघा, मान हलवतेय. मी तर त्या दिवशी घरी जाऊन देवाला दिवा लावला. म्हटलं, पुण्याचं एक घर झालं पोरीचं. तेव्हापासनं मी ते धरूनच चाललेय. तुमी एवढी वर्षं ‘ठेवा’ म्हणता, मी ठेवते. मग तुमी म्हणालात म्हणून मीही धरलं.

हां, बोला. पाव्हणे हायत बहिणीकडं? असू देत की! तिला खाट नको, गादी नको, स्वयंपाकघरात चटई टाकून पडेल. पहाटे उठून भांडी घासून जाईल, तुमच्या बहिणीला कळायचं पण नाय कोणी आलं व्हतं म्हणून. आणि रिकाम्या हातानं पाठवत नाय मी, सोडे दिलेत, सुके बोंबील दिलेत, तीन पिशव्यांत घट्ट बांधून — अं? त्यांच्याकडं मासळी चालत नाय? अगो बाई. लग्नापासनं बंद? तुमच्या सख्ख्या बहिणीचं? माझ्या लक्षातच नाय आलं हो, बहीण म्हटल्यावर मला वाटलं — बरं, काढून टाकते, आत्ता फोन करून काढायला लावते, त्यात काय एवढं. कपडे तिचे वेगळे धुतलेत मी, मासळीच्या कपड्यांत नाय घातले. नवी बॅग घेतली, घरातली नाय दिली. केसांनासुद्धा शिकेकाई लावून —

थांबा हां, तिचाच फोन. हॅलो, बाय? हां, हां, मॅडम समोरच बसल्यात. बोलणं झालं ना. हो गो. हसतायत, म्हणतात कशाला काळजी करते पोरगी. पत्ता? देते ना, देते, पापलेट साफ करतेय, हात भरलेत. काकाला सांग, आई पत्ता घेऊन येते. आणि ऐक, त्या बॅगेतले सोडे काढ, बोंबील पण. कशाला म्हंजे काय, काढ सांगते ना! काकाकडं दे. ठेव आता.

ऐकलंत ना? काय करू, खोटं बोलले. एसटी स्टँडवर बसलीय ती बॅग घेऊन आणि शेजारी दीर बसलाय. तो म्हणतो, वहिनी, पत्ता दाखवा, मगच गाडीत बसवीन, नायतर मावशीला फोन लावतो, ती पुण्याला स्टँडवर उतरून घेईल. दुपारची गाडी हाय मॅडम. उन्हं वर आली बघा. एक फोन करा ना बहिणीला. इथंच करा, मी बाजूला होते, चिमीला पण पाठवते पाणी आणायला. नाय म्हणाल्या तर नाय म्हणाल्या.

घरी विचारून सांगते? कधी सांगाल, मॅडम? संध्याकाळी? संध्याकाळी पोरगी मावशीच्या दारात असेल.

मी का नाय जात सोबत? मी? अहो, उद्या बोट लागणार, बंदरावर घरची बाई नको का? मासळी कोण उचलणार, माझी जाऊ? ती उचलेल आणि आयुष्यभर ऐकवेल. आणि तेवढंच नाय. मी नाय जात कुठं तिच्यासोबत. नववीत तिला चित्राचं बक्षीस व्हतं, पालघरातच, मोठ्या हॉलमधे. मी बाजार उरकून तशीच गेले, साडी बदलायला वेळ नाय मिळाला. बसले खुर्चीवर तर शेजारची बाई उठली, मग तिच्या पलीकडची उठली, ओळच्या ओळ रिकामी. मला वाटलं जमीन फाटावी. पोरगी बक्षीस घेऊन स्टेजवरनं उतरली ती सरळ येऊन माझ्या बाजूला बसली, माझा हात धरून, सगळं संपेपर्यंत. तेव्हाच मी ठरवलं, आता परत तिच्या मधे जायचं नाय. परवा म्हणत व्हती, आई, तूच चल ना. मी म्हटलं, गप, तुला मॅडमच्या बहिणीच्या घरी राहायचंय, चांगल्या घरातनं गेलीस कॉलेजला की ते लोक पण वेगळ्या नजरेनं बघतील. हे मी का सांगतेय तुमाला? सांगायचं नव्हतं.

मॅडम. एक करा. राहू नका देऊ. नुसता पत्ता द्या. दिराला दाखवण्यापुरता. पोरगी तिकडं फिरकणार नाय, तुमच्या बहिणीच्या दारावर थाप पडली तर मला ह्या बाजारात जोड्यानं मारा. ती स्टेशनावर बसून रात्र काढेल, कुठल्या देवळात बसेल, पण त्या मावशीकडं नको. घराचं नाव, गल्लीचं नाव, बास. तेवढं पण नाय? तुमी नुसत्या पिशवीचे बंद गुंडाळताय. रागवा तरी माझ्यावर, म्हणा की सुगंधा, बोलायला म्हणून बोलले व्हते मी, तू खरं धरलंस ती तुझी चूक. मला चालेल. तेवढं बोललात तरी चालेल.

काय म्हणालात?

पापलेट. झालं का साफ.

हो. झालं की. बघा, कल्ले लाल हायत अजून. धुऊन देते. ह्या पिशवीत घातलंय, वरनं कागद लावलाय, गाडीत वास नाय येणार तुमच्या. घ्या. नाय नाय, असं कसं, घ्या, तुमचंच हाय. तुमी ठेवा म्हणालात, मी ठेवलं. पाव्हण्यांना रव्यात घोळवून तळा, मसाला जास्त नको. पैसे चिमीकडं द्या, माझे हात ओले हायत, आणि मला फोन करायचाय.

हॅलो, बाय. ऐक. मॅडमच्या बहिणीकडं नाय जमत. नाय गो, त्यांच्याकडं पाव्हणे हायत. रडू नको, काकाला दिसेल. काकाकडं फोन नको देऊस! मी बोलतेय ना. तो पहिला लॉजवाला काय म्हणाला व्हता, घरचं माणूस सोबत पायजे, बरोबर? मग मी घरचं माणूस नाय तर कोण हाय? माझ्यासाठी जागा धर गाडीत. हो, मी. बोटीचं बघेल जाऊ. ऐकवू दे, ऐकून घेईन. नाय, घरी जायला वेळ नाय, हीच साडी हाय, बाजारातली. मी बाहेर बसेन कॉलेजच्या, तू ये जाऊन आतनं. काय? आत यायचं? बघ हां बाय, लोक उठतील शेजारनं. बरं. बरं, येते. सोडे काढलेस? घाल परत बॅगेत, आपल्याला खायला होतील.

चिमे, माझी पाटी बघ गो, राहिलेली कोलंबी संध्याकाळी जावेकडं दे, सुरी धुऊन ठेव. नाय, आता हाताला साबण नको, गाडी चुकेल.

मॅडम, तुमी बसल्याच अजून? उठा. ते स्टूल चिमीचं हाय.