एक खाली, एक वर

हुपरीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आत्या आणि तिची रेडिओ दुर्बिणींवर संशोधन करणारी भाची बसल्या होत्या.

“अनुजा, एक तबकडी जमिनीवर हाय, मग दुसरी आभाळात कशाला फिरवायची?”

“एकटीला लांबचं पुसट दिसतं, आत्या. दोघींनी एकाच वेळी एकच तारा बघायचा, अचूक वेळ नोंदवायची आणि मग जुळवायचं. दोघींत अंतर जितकं जास्त, तितकं बारीकसारीक दिसतं. पृथ्वीवर अंतर पुरत नाही, म्हणून एक वर.”

“आन् मधी ढग आलं तर?”

“रेडिओ लहरींना ढग अडवत नाहीत.”

“म्हंजी मी आन् शेजारची रत्नव्वाच की!”

“त्या कशा?”

“मंगळवारी सव्वापाचला मी खाली गिरणीत, ती पल्याड माडीवर. मला पुढनं मोटरसायकलवरचं पोरगं दिसलं. तिला मागं बसलेलीची निळी सॅक दिसली. फोनवर टायम जुळवला.”

“निळी सॅक शंभर जणींकडं असते.”

“तोंडाला स्कार्फ बी हुता.”

“मग चेहरा कुठं दिसला?”

“ढग अडवत न्हाईत म्हणलीस न्हवं आत्ताच?”

“आत्या... बाबांना सांगितलंस?”

“न्हाय अजून. रविवारी त्याला चहाला आण. मला जवळनं बघू दे, मग तुझ्या बापाला मी समजावते.”

“आणते. पण रत्नव्वाला बोलवू नकोस.”

“आता गं? ती नसली तर मला पुसटच दिसणार की!”