मुलीला सांगायची तालीम

दुपारपर्यंत बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. माझ्या कानांनी मात्र ते कधीच घेतलेलं नाही. दवाखान्याच्या बाकावर शेजारचं जोडपं तालीम करत होतं. त्यांची मुलगी आत समुपदेशक बाईंजवळ बसली होती, आणि तिला ऑटिझम आहे हे आज दोघांनी तिला सांगायचं होतं. तालमीत नवरा मुलगी झाला होता.

“बाळा, तुझा मेंदू जरा वेगळ्या रस्त्याने जातो.”

“कुठे जातो?”

“अहो, असं विचारेल ती?”

“पत्तासुद्धा विचारेल. बाईंनी सरळ सांगा म्हटलंय ना?”

“बरं. तुला ऑटिझम आहे. म्हणून तुला गोंगाट सोसत नाही, आणि नकाशे मात्र एकदा पाहिले की पाठ होतात.”

“मी बरी होणार का?”

“हा आजार नाही, राणी. तू अशीच राहणार, आणि आम्हाला अशीच हवीस. जमलं ना हो?”

“मग आई, तू रोज देवापुढे ‘हिला बरं कर’ असं का म्हणतेस?”

“काहीतरीच. हे ती कशाला विचारेल?”

“कालच विचारलं तिने मला.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“आईला विचार म्हटलं. शूर बाप आहे मी.”

“मी एवढ्या मोठ्याने म्हणते का हो?”

“घंटेपेक्षा मोठ्याने.”

“मग सांगते, आईचं चुकत होतं. उद्यापासून मागणं बदललं.”

“खरंच बदल हं. ती शेजारी बसून तपासेल.”

“बसू दे. काय मागायचं ते तिलाच विचारीन.”