तोंडाने ओढायचा धागा

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या गिरणीचे लेबर ऑफिसर हेरंबरावसाहेब. युनियनचे चिटणीस गंगाधरपंत. साचेखात्याचे जॉबर आणि माझे जुने स्नेही शामराव परब. रिंगखात्यातल्या माझ्या भावांनो, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतून पायी आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, या भिवा गमरेचा सर्वांना जयभीम.

माझ्याआधी तिघे बोलले. भिवा शांत स्वभावाचा, त्याने कधी कुरकुर केली नाही, असं तिघांनीही सांगितलं. खरं आहे. पण रिंगा चालू असताना कुरकुर केली तरी ती ऐकू कुणाला येणार? आज यंत्रं लांब आहेत आणि लाउडस्पीकर जवळ आहे, तेव्हा थोडं बोलून घेतो.

निवृत्त होणाऱ्याने चार उपदेशाचे शब्द सांगावेत अशी पद्धत आहे. माझ्याजवळ उपदेश नाही, एक हकीकत आहे. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. रिंगखात्यात आम्ही सूत काढतो, साचेखात्यात त्या सुताचं कापड विणतात. साचेखात्याचा पगार जास्त. पगार जास्त म्हणजे काय, हे आयाबहिणींना मी का सांगायचं? मुलगी शाळेत आणखी एक इयत्ता शिकते, आठवड्यात एकदा म्हाकुलाऐवजी पापलेट येतं, एवढाच फरक. पण एवढ्या फरकासाठीच तर माणूस जन्मभर मरमर करतो.

तर साच्यात, म्हणजे मागावर, आडवा धागा नेणारा धोटा धावतो. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकच धोटा, दिवसपाळीत याच्या तोंडाला, रातपाळीत त्याच्या. म्हणून आमच्या माणसाला तिथे घेत नसत. आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? कारण इतकं चोख होतं की वाद घालायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. फ्लोरा फाउंटनच्या मोर्चाला आपण सगळेच होतो. अश्रुधूर सुटला तसे शामराव आणि मी पळत सुटलो, ते गिरगावात एका वाडीत घुसलो. एका बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तोंड लावून प्यालो आणि माझ्या हातून घेऊन शामराव प्याले. काठ पुसलासुद्धा नाही. शामराव, मान खाली घालू नका, तुमची कीर्तीच सांगतो आहे. त्या दिवशी मला वाटलं, मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, आपलं काम तर झालं. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो, तर साचेखातं होतं तिथेच होतं आणि मी माझ्या रिंगांपाशी.

गेल्या वर्षी नवे साचे आले. त्यांच्या धोट्याला फट असते, धागा बोटाने सरकवला की बसतो. तोंडाचं कामच उरलं नाही. खात्यात माणसं घेणं जॉबरच्या हातात, म्हणून मी पेढे घेऊन शामरावांच्या बिऱ्हाडी गेलो. म्हटलं, "तोंडाचा प्रश्न मिटला. आता आमच्या पोराला, जगदीशला, साचेखात्यात बदली कामगार म्हणून तरी घ्या."

शामराव म्हणाले, "माझं काय नाय रे भिवा. पण पोरं म्हणतात, खात्यात पाण्याचा माठ एकच आहे."

"जगदीश घरून पाणी आणील."

"मग तो वेगळा दिसेल. आता कायदा आलाय बाबा, कुणाला वेगळं ठेवणं गुन्हा आहे."

हसा, मंडळी. घरी सांगताना मीही हसलो होतो. जगदीशची आई सुभद्रा मात्र हसली नाही. तिने विचारलं, "पेढे खाल्ले का त्यांनी?" मी म्हटलं, ठेवून घेतले.

माणूस आधी ठरवतो आणि कारण मागाहून शोधतो. आपण उलट समजून चालतो. कारण खोडून काढलं की निर्णयही बदलेल, म्हणून वर्षानुवर्षं आशेवर राहतो. यंत्राचं तसं नसतं. पट्टा उतरला म्हणून बंद पडलं असेल, तर पट्टा चढवला की चालू होतं.

गेल्या शनिवारी अध्यक्षसाहेबांनी मला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, की नव्या साच्यांना माणसं कमी लागतात, तेव्हा साचेखात्यात यापुढे कुणालाच घ्यायचं नाही. शामरावांच्या भाच्यालाही नाही. म्हणजे समता आली एकदाची. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सुटताना शामराव फाटकापाशी भेटले, डोळे भरलेले.

बापाच्या जागी मुलगा, हा आपल्या गिरणीचा रिवाज. सोमवारपासून जगदीश रिंगखात्यात माझ्या जागेवर उभा राहील. तोच उकाडा, नाकातोंडात तोच कापूस. त्याला वाटतं, हे चार महिन्यांपुरतं आहे, मग शामरावकाका साचेखात्यात बोलावतील. सोमवारसाठी सदरा शिवायला टाकला होता, तो आणायला दादरला गेला आहे, म्हणून आज इथे नाही.

आता समितीने दिलेल्या भेटीविषयी. जुने धोटे निकामी झाले, तेव्हा त्यातला एकेक घासूनपुसून, पितळेची पट्टी लावून निवृत्त होणाऱ्याला द्यायचा, असं यंदा ठरलं. मलाही दिला. पट्टीवर माझं नाव सुरेख कोरलं आहे. समितीच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी जाणतो. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला तेच जास्त लागलं.

हा धोटा मी घरी नेत नाही, इथे टेबलावरच ठेवतो. राग मानू नका. घरात धोटा दिसला की पोराला वाटेल, बापाने जाता जाता साचेखात्याचं जमवलं. शनिवारची गोष्ट त्याला सांगायला अजून माझी जीभ उचलत नाही.

आपण वेळात वेळ काढून आलात, हार घातलात, चार शब्द चांगले बोललात, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून द्या. आणि सोमवारी जगदीश खात्यात आला की त्याला यातलं काही सांगू नका. निदान पहिला आठवडा.