ऑर्विलचं "बस्स"

नेब्रास्कातल्या ट्रेलरवाल्यांच्या तळावर पाण्याच्या नळाशी लाइल बादली घेऊन उभा होता. पुढे म्हाताऱ्या व्हर्नाबाई आणि शेजारच्या ट्रेलरमधली जोलीन बोलत होत्या.

"उद्या तुम्ही गाडीला ट्रेलर जोडताना मी मागे उभी राहू का?" जोलीनने विचारलं.

"नको गं. गाडीला मागचा कॅमेरा बसवलाय. सगळं दिसतं."

"आधी कोण बघायचं?"

"ऑर्विल, माझा नवरा. मार्चमध्ये गेला. मागून ओरडायचा, 'डावीकडे घे, आंधळी आहेस का!'"

"आता एकटीला जमतं?"

"परवा पहिल्याच फटक्यात जमलं. गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा बरोबर ट्रेलरच्या दांड्याखाली. तरी काच खाली करून बसून राहिले."

"का?"

"त्याने 'बस्स' म्हटल्याशिवाय मी कधी गाडी बंद केली नव्हती."

"मग?"

"मग मीच म्हटलं, मोठ्यांदा. आणि उतरले."