पाच नाती

माधवगंजातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर संभाजीराव आणि त्यांची मुलगी सोनल बसली होती. संभाजीरावांच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलं होतं.

"आबा, डोळे मिटा म्हटलं ना."

"मिटलेत. ऐक, दिगू शांघायहून सांगत होता, तिकडे त्या जुन्या गुरूला, कन्फ्यूशियसला, अजून मान आहे. आईबापाची सेवा पहिली!"

"मग येतोय का ऑपरेशनला?"

"त्याला छुट्टी कुठाय? मध्ये बोलू नकोस. गुरूनं पाच नाती सांगितलीत. राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, आणि दोस्त."

"आणि मुलगी?"

"पाचच आहेत म्हटलं ना."

"हद है, आबा! मग सकाळपासून ड्यूटी सोडून इथे बसलीये ती कोण?"

"बघ, लगेच चिडतेस. दिगू म्हणतो तेच खरं, मोठ्यांशी बोलायची रीतच नाही तुला."

"डोळे मिटा."

दारातून नर्सनं हाक मारली, "बाबूजी, साथ में कौन है?"

"कोई नहीं, बिटिया. लड़का चीन में है," असं म्हणत संभाजीराव उठले आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी सवयीनं सोनलच्या बाजूला हात पुढे केला.